कुठले ॲटनबरो?

दोन कुलकर्णी एसटीत शेजारी बसले की पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांना विचारतात, "कुठले कुलकर्णी?" नुसत्या आडनावाने काही कळत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. गाव तिथे कुलकर्णी होता, गाव तिथे पाटील होता. हुद्दा हेच आडनाव झाल्यावर त्यातून नाते कसे निघणार? मग गाव, तालुका, कुलदैवत अशी चौकशी करत करत समोरचा माणूस ठिकाणावर आणावा लागतो. इंग्लंडात हीच गत स्मिथची. खेडोपाडी लोहार होते आणि लोहाराच्या पोरालाही स्मिथच म्हणत. १८८१ च्या जनगणनेत ब्रिटनभर चार लाखांच्या घरात स्मिथ निघाले.

पण काही इंग्रजी आडनावे अशी आहेत की ती उच्चारली की पुढच्या चौकशीची गरजच पडत नाही. त्यांतले एक आपल्याकडे चांगले रुळलेले आहे. आमच्या पिढीला ते 'गांधी' चित्रपटाने दिले. १९८२ सालचा तो चित्रपट. कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी, गोपाळ कृष्ण गोखले झालेले श्रीराम लागू, आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्यांना मिळालेले ऑस्कर, भारतातल्या कुणालाही मिळालेले पहिलेच. या सगळ्यांच्या पाठीमागे दिग्दर्शक म्हणून उभे होते रिचर्ड ॲटनबरो. पुढे घरात टीव्ही आला, मग केबल आली, आणि त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड कुजबुजत्या आवाजात मुंग्या, देवमासे, गोरिला दाखवू लागले. नाव मराठीत कसे लिहायचे यावर आपले अजून एकमत नाही. अटेनबरो, ॲटनबरा, ॲटनबरो, सगळे चालते. खुद्द इंग्लंडातही शतकानुशतके ते वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिले गेले आहे, तेव्हा आपण फार मनाला लावून घेऊ नये.

नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचे गाव आहे. ॲडा नावाच्या कुणा सॅक्सन माणसाची तटबंदीची जागा, असा त्या ग्रामनामाचा अर्थ लावतात. गाव लहान, पण इतिहासाला अगदीच अपरिचित नाही. राजाचे डोके उडवणाऱ्या क्रॉमवेलचा जावई आणि उजवा हात हेन्री आयर्टन १६११ मध्ये इथेच जन्मला. पुढे नदीकाठच्या रेतीसाठी इथे वर्षानुवर्षे खोदकाम झाले, खड्ड्यांत पाणी साचले, पाण्यावर पक्षी आले आणि १९६६ मध्ये त्या तळ्यांचे निसर्ग-राखीव क्षेत्र झाले. उद्घाटनाला डेव्हिड ॲटनबरोंना बोलावले. गावकऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी की निमंत्रण समितीच्या आळसाला, हे ठरवणे कठीण आहे.

आता गावावरून आडनाव कसे पडते, हे मराठी माणसाला शिकवायला नको. नाशिकात राहणाऱ्याला नाशिककर म्हणून कोण ओळखेल? तिथे तर सगळेच नाशिकचे. गाव सोडून दुसरीकडे बस्तान मांडले की मगच 'कर' चिकटतो. गावाचे नाव वागवणारे आडनाव म्हणजे गाव सोडल्याची नोंद. ॲटनबरोंचेही तसेच झाले असावे. कुणी एक जण ट्रेंटकाठचे घर सोडून काही मैलांवरच्या दुसऱ्या गावात गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला तो जिथून आला त्या नावाने हाक मारली. आडनावांच्या अभ्यासकांनी आणखी एक वाट दाखवून ठेवली आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'अ‍ॅटन' म्हणजे अमक्यापाशी राहणारा. ॲश झाडापाशी राहणाऱ्याचा त्यातूनच नॅश झाला, ओक झाडांपाशी राहणाऱ्यांचे नोक्स झाले. त्या हिशेबाने ॲटनबरो म्हणजे बरोपाशी, तटबंदीच्या वस्तीपाशी राहणारा. मला स्वतःला गावाची वाट जास्त पटते, कारण हे आडनाव सापडते ते मुख्यतः नॉटिंगहॅमशायर आणि डार्बीशायरच्या सीमेवर, म्हणजे गावापासून पायी जाता येईल इतक्या टापूत.

सातव्या शतकात केंटचा राजा एथेलबर्ट याने कायदे लिहून घेतले, तेव्हा इंग्लंडात आडनाव नावाची वस्तूच नव्हती. त्या कायद्यांत माणसाच्या प्रत्येक अवयवाची किंमत ठरवलेली आहे. पुढचा दात पाडला तर सहा शिलिंग दंड, मागचे दात स्वस्त. दात कुणाचा, हे मात्र एकेरी नावाने आणि बापाच्या नावाने भागत असे. १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यांच्या सरदारांनी आपल्या जहागिरींची नावे लावली, आणि जमीन बापाकडून मुलाकडे जाताना नावही जाऊ लागले. खालच्या थरांत ही रीत झिरपायला दोन-तीनशे वर्षे लागली. १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये डोईपट्टी बसली. वसुली करायची तर 'जॉन, विल्यमचा मुलगा' एवढ्यावर कारकुनाचे काय भागणार? गावात तसे सहा जॉन. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज घरांना पिढीजात आडनाव लागले होते. सगळीकडे असेच घडले आहे. माणसाला आडनाव लागते ते मालमत्तेमुळे किंवा करामुळे, आणि नंतर तो त्याचा अभिमान बाळगतो.

एथेलबर्टचे ते कायदे आधुनिक वाचकांसाठी संपादून, भाषांतर करून १९२२ मध्ये ज्यांनी प्रसिद्ध केले त्यांचे नाव फ्रेडरिक ॲटनबरो. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील. नॉटिंगहॅमशायरमधल्या स्टेपलफर्डच्या बेकरीवाल्याचा हा मुलगा केंब्रिजला गेला, अँग्लो-सॅक्सनचा पंडित झाला आणि १९३२ मध्ये लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा प्राचार्य झाला. लेस्टर म्हणजे ॲटनबरो गावापासून वीस-पंचवीस मैल. ज्या भाषेत त्यांच्या गावाचे नाव बनले त्याच भाषेचा व्यासंग त्यांनी आयुष्यभर केला, आणि सहा-सातशे वर्षांत घराणे त्या गावापासून जेमतेम दीड दिवसाच्या चालीइतके सरकले. इंग्रज जगभर गेले असे आपण म्हणतो. जे गेले त्यांच्याविषयी आपण बोलतो. जे गेले नाहीत त्यांची संख्या फार मोठी आहे.

न हललेल्या इंग्रजांचा माग काढण्याची युक्ती १८९० मध्ये हेन्री गप्पी नावाच्या निसर्गअभ्यासकाने शोधली होती. ब्रिटनमधल्या आडनावांची मूळ घरे कुठली, हे त्याला शोधायचे होते. शहरात तर सगळ्या प्रांतांची सरमिसळ. म्हणून त्याने परगण्या-परगण्यांच्या व्यापारी डिरेक्टऱ्या घेतल्या आणि त्यांतले फक्त शेतकरी मोजले. जमिनीला बांधलेला माणूस सहसा हलत नाही. तो जिथे, तिथेच त्याचे आडनाव जन्मलेले असण्याचा संभव जास्त. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही. मला गप्पी आवडतो तो याच्यासाठी, की आडनावांचा विषय त्याने सरदारांच्या वंशावळीतून काढून शेताच्या बांधावर आणून ठेवला.

पण लेस्टरकडे परत जायला हवे, कारण खरी गोष्ट तिथे आहे. फ्रेडरिक ॲटनबरो प्राचार्य असताना १९४८ मध्ये कॉलेजात इंग्लिश स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि डब्ल्यू. जी. हॉस्किन्स त्याचे प्रमुख झाले. शेताचे बांध, कुंपणाच्या झुडपांच्या रांगा, उजाड झालेल्या खेड्यांचे उंचवटे यांतून इतिहास वाचणारा हा माणूस. त्याच्या मिडलँड्सवरच्या पुस्तकासाठी छायाचित्रे काढली ती प्राचार्यांनी. कॉलेजचा प्राचार्य कॅमेरा घेऊन एका प्राध्यापकाबरोबर बांधावरून हिंडतो आहे, हे आपल्याकडच्या प्राचार्यांच्या संदर्भात डोळ्यांसमोर आणून पाहावे. याच विभागात १९६५ पासून इंग्रजी आडनावांचे परगणावार सर्वेक्षण सुरू झाले. कॉलेजचे तोवर विद्यापीठ झाले होते. मग १० सप्टेंबर १९८४ रोजी त्याच विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना एका एक्स-रे फिल्मवर डीएनएचे ठसे दिसले, आणि जगभरच्या पोलीस तपासाची तऱ्हाच बदलली. आडनावांचा अभ्यास आणि डीएनएचा अभ्यास एकाच शहरात, एकाच आवारात पोसले गेले. ते कधीतरी एकमेकांना भेटणारच होते.

भेट घडवली ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी. विचार सरळ होता. आडनाव बापाकडून मुलाला मिळते, वाय गुणसूत्रही बापाकडूनच मुलाला मिळते. मग एका आडनावाच्या पुरुषांत एकाच प्रकारचे वाय गुणसूत्र सापडायला हवे, निदान आडनाव एकाच माणसापासून निघाले असेल तर. २००६ मध्ये त्यांनी एकच आडनाव असलेल्या, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. चौथ्या हिश्शाच्या आसपास जोड्यांत अलीकडच्या काही शतकांतला समान पूर्वज निघाला. २००९ मध्ये मोठा अभ्यास आला. ४० ब्रिटिश आडनावे, १६७८ पुरुष. सरासरीने ६२ टक्के पुरुष आपापल्या आडनावातल्या कुठल्या ना कुठल्या भाऊबंदकीत बसले. पण सरासरी इथे फसवी आहे. खालचे टोक शून्य, वरचे ८७. स्मिथ खालच्या टोकाला. दोन स्मिथांत नाते निघण्याचा संभव रस्त्यावरच्या कुठल्याही दोन पुरुषांइतकाच. आडनाव जितके दुर्मीळ तितके नाते घट्ट होत जाते, आणि सगळ्यात घट्ट निघाले ते ॲटनबरो. दहांतले जवळजवळ नऊ जण एकाच पुरुषाचे वंशज, मग स्पेलिंग कुठलेही असो.

म्हणजे फ्रेडरिक ॲटनबरोंनी ज्या संस्थेला आकार दिला, तिने त्यांच्या माघारी त्यांचेच आडनाव प्रयोगशाळेत घालून तपासले. हा योगायोग मला कादंबरीतल्या योगायोगांपेक्षा मोठा वाटतो. कादंबरीकार असे लिहायला धजला नसता.

आता हे वाचून कुणालाही वाटेल की पाहा, मूळ पुरुष एकच, घराणे अस्सल, नाव निर्मळ. आडनावावर ढाल-तलवारीचे चित्र छापून विकणारी दुकाने याच वाटण्यावर चालतात. लंडन-एडिंबरोला पर्यटकांच्या रस्त्यांवर ती हमखास दिसतात. तुमचे आडनाव सांगा, पाच मिनिटांत 'घराण्याचे मानचिन्ह' हातात. इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळतच नाही, ते एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या थेट वारसांना मिळते, हे दुकानदार सांगत नाही. ॲटनबरोंच्या बाबतीत तर मानचिन्हापेक्षा वेगळीच पाटी प्रसिद्ध होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या लंडनकराला हे आडनाव माहीत होते ते गहाणवटीच्या दुकानांमुळे. महिनाअखेरीला घड्याळ नेऊन ठेवायचे ते ॲटनबरोकडे.

किंग आणि जॉबलिंग यांनी काढलेला निष्कर्ष या अभिमानाला बिलकूल पोसत नाही. त्यांचे म्हणणे असे की आजच्या गुणसूत्रांवरून सातशे वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांविषयी फारसे भरवशाचे काही सांगता येत नाही. आज एकच वंश दिसतो याचा अर्थ आरंभी एकच ॲटनबरो होता असा होत नाही. दहाही असतील. त्यांतल्या नऊ जणांची रेषा तुटली आणि एकाची उरली, तरीही आज चित्र हेच दिसेल.

रेषा किती सहज तुटते याचा हिशेब एकोणिसाव्या शतकातच मांडला गेला होता. फ्रान्सिस गॉल्टन याला प्रश्न पडला होता की इंग्लंडची नामांकित घराणी एकामागून एक का संपतात? त्यांची तेजस्विता हेच कारण की निव्वळ नशीब? १८७३ मध्ये त्याने हे गणित एका नियतकालिकात जाहीरपणे मांडले. हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञाने ते सोडवले आणि दोघांचा लेख १८७५ मध्ये छापून आला. वॉटसनचे उत्तर असे की सगळी आडनावे कधी ना कधी संपणारच. हे उत्तर चुकले होते. दर पिढीला सरासरी एकाहून अधिक मुलगे जगत असतील तर काही रेषा कायमच्या टिकूही शकतात. पण मांडणी बरोबर होती. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा जगतो असे धरा. कुणाला दोन, कुणाला तीन, कुणाला एकही नाही. पहिल्याच पिढीत ३७ टक्के रेषा संपतात. तेवीस-चोवीस पिढ्या, म्हणजे सातशे वर्षे उलटली की शंभरातल्या जेमतेम सात उरतात. आणि हे रोगराई न धरता. १३४८-४९ च्या काळ्या मृत्यूने इंग्लंडातला निदान तिसरा हिस्सा माणूस नेला. आडनावे नुकती कुठे अंगवळणी पडत होती, त्या वेळी किती आडनावे दोन-चार तोंडांबरोबरच मातीत गेली असतील! गॉल्टनच्या बाबतीत सांगायचे तर त्याला स्वतःला मूल झाले नाही. त्याची रेषा गणिताच्या पहिल्याच ओळीत संपली.

म्हणून दुर्मीळ आडनावाकडे मी कौतुकाने पाहत नाही, थोड्या धास्तीने पाहतो. ते एखाद्या सोडतीत शेवटपर्यंत न फाडलेल्या तिकिटासारखे आहे. शौर्य, विद्या, पुण्य यांचा त्याच्याशी संबंध नाही. कुणा बेकऱ्याला, शेतकऱ्याला, गहाणवटदाराला दर पिढीत निदान एक मुलगा झाला, तो गोवराने मेला नाही आणि त्याला पुन्हा मुलगा झाला, एवढेच. मुलींनी नेलेल्या रक्ताची तर इथे गणतीच नाही. ॲटनबरो बंधूंची आई मेरी क्लेग. क्लेग हेही गावावरून पडलेले, लँकेशरचे आडनाव. डेव्हिडच्या रक्तात ते अर्धे आहे आणि नावात कुठेच नाही.

राजघराण्यांचे तरी काय झाले? २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका मोटारतळाखाली सांगाडा सापडला. पाठीचा कणा वाकडा, कवटीवर घाव. तो तिसरा रिचर्ड असल्याचे डीएनएने सिद्ध केले, आणि त्या डीएनएच्या कामाची प्रमुख पुन्हा ट्युरी किंगच. आईकडून उतरणारा डीएनए त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला. वाय गुणसूत्र मात्र पुरुषपरंपरेतल्या हयात नातलगांपैकी एकाशीही जुळले नाही. ब्यूफोर्टच्या ड्यूकांचे हे घराणे, आडनाव सॉमरसेट. वंशावळ कागदोपत्री थेट तिसऱ्या एडवर्डला भिडणारी. मध्ये कुठेतरी, कुणा एका रात्री, कागद आणि रक्त यांची ताटातूट झाली. बरे, सॉमरसेट हे आडनावही मुळात एका ड्यूकच्या अनौरस मुलाला दिलेले. भाट ठेवून, दस्त जपून, लग्ने जुळवून राजांना जे जमले नाही ते ट्रेंटकाठच्या बेकऱ्यांना काही न करता जमले.

डेव्हिड ॲटनबरोंच्या बाबतीत आडनाव आणखी एका वाटेने पसरले, आणि ती वाट वाय गुणसूत्राला ठाऊक नाही. शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव चाळीसहून अधिक जिवांना दिले आहे. एक प्लेसिओसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळचा लांब मानेचा सागरी प्राणी. फिलिपिन्समधली एक कीटकभक्षी घटपर्णी. न्यू गिनीतला लांब चोचीचा एकिडना. केरळच्या किनाऱ्यावर पंख्यासारखा गळा फुलवणारा एक सरडा आहे, त्याचेही २०१८ पासून आडनाव ॲटनबरोच. एका ध्रुवीय संशोधन-जहाजाला त्यांचे नाव मिळाले ते मात्र लोकशाही डावलून. २०१६ मध्ये जनतेने भरघोस मतांनी निवडले होते 'बोटी मॅकबोटफेस'. सरकारला ते झेपले नाही.

८७ टक्क्यांची गोष्ट सांगून झाली तरी मला खरे कुतूहल उरलेल्या १३ टक्क्यांचे आहे. हे ॲटनबरो कुठले? कुणी दत्तक आलेला असेल. कुणी सावत्र बापाचे नाव लावले असेल. कुणा विधवेने किंवा कुमारिकेने मुलाला आपलेच आडनाव दिले असेल. चर्चच्या दफ्तरांत अशा नोंदी भरपूर. कुणाला मामाची जमीन मिळाली ती मामाचे आडनाव लावण्याच्या अटीवर. कधी गोष्ट याहून लांबची निघते. यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या १८ पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा ७ जणांत पश्चिम आफ्रिकेत आढळणारे वाय गुणसूत्र सापडले. हे लोक दिसायला, बोलायला, वागायला पिढ्यान्‌पिढ्या यॉर्कशायरचे. त्यांच्या वंशावळी त्याच परगण्यात अठराव्या शतकापर्यंत मागे जातात. कुठला तरी आफ्रिकी पुरुष इंग्लंडात आला, राहिला, नांदला. त्याचे मूळ नाव पुसले गेले आणि एक इंग्रज आडनाव त्याच्या नातवंडांनी सातासमुद्रापलीकडच्या रक्तासह पुढे नेले.

खुद्द फ्रेडरिक आणि मेरी ॲटनबरोंच्या घरात १९३९ मध्ये दोन मुली आल्या. बर्लिनच्या, ज्यू, सख्ख्या बहिणी. जर्मनीतून मुलांना बाहेर काढणाऱ्या गाड्यांनी त्या इंग्लंडला पोचल्या होत्या आणि तिथून अमेरिकेतल्या नातलगांकडे जायच्या होत्या. युद्ध सुरू झाले, जहाजे बंद पडली. मेरीबाईंनी आपल्या तिन्ही मुलांना बसवून विचारले आणि मुली राहिल्या. काही आठवड्यांची सोय सात वर्षे चालली. तिन्ही भाऊ पुढे त्यांना बहिणीच म्हणत. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या, आपल्या आडनावासह.